एकी आत, बेकी बाहेर

हे आजवर माझ्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. आमच्या ह्यांनीही नाही. आणि ह्यांना तर मी, शेजारच्या आवारातला मोगरा रोज सकाळी भिंतीवरून हात घालून कोण तोडतं, हेसुद्धा ते जायच्या आधी सांगून टाकलं होतं. ते हसले होते. मग हे एवढंच का पोटात राहिलं? विसरले होते म्हणून? छे. मी दुधाची पिशवी फ्रीजमध्ये ठेवायला विसरते, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते. पण एका नकाशावर एक काळी रेष कशी खाली आली, कुठे टेकली आणि कशी परत वर गेली, ते आजही डोळे मिटून काढून दाखवीन.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला आजच काय सुचलं? झालं असं. माझी नात सई घरूनच नोकरी करते, नंदनवन भागातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून. डबे घरपोच देणाऱ्या कुठल्याशा ॲपचं तिचं काम. नकाशावर एक वेडीवाकडी हद्द आखलेली. गिऱ्हाईकाचं घर त्या हद्दीच्या आत असलं तर डबा, बाहेर असलं तर क्षमस्व. आता आत की बाहेर हे मशीनला कळणार कसं, ते ती मला समजावत होती. दुसऱ्याला समजावल्याशिवाय तिला स्वतःला समजत नाही. मी भेंडी चिरत होते. चिरता चिरता म्हणून गेले, "घरापासून एक सरळ रेघ काढ, पार हद्दीच्या बाहेरपर्यंत. वाटेत हद्द कितीदा ओलांडली ते मोज. एकी आली तर घर आत, बेकी आली तर बाहेर."

पोरगी बघतच राहिली. "आजी, तुला हे कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "तुझ्या आजीच्या डोक्यात काय फक्त भेंडीच आहे?"

मग ती म्हणाली, "आणि रेघ नेमकी कोपऱ्याला लागली तर गं? आमचं तिथेच चुकतंय."

मी सुरी खाली ठेवली. "तिथेच चुकतं," म्हटलं, आणि हात धुवायला उठले.

संध्याकाळपर्यंत तिनं घरभर सांगितलं, मैत्रिणींना फोन करून सांगितलं. मुलगा म्हणाला, "आई, तू तर छुपी रुस्तम निघालीस." सून कौतुकानं बघत होती. कौतुक कशाचं चाललं होतं, ते माझं मला ठाऊक होतं ना.

तर ऐका.

तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची. एका धरणाच्या कामाचे नकाशे जिथे बनायचे, त्या कचेरीत मला नोकरी होती. मूळ नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं आणि खालची रेष न् रेष शाईनं वर गिरवायची. अख्ख्या खोलीत बाई मी एकटी. कशी होते म्हणून सांगू? शहाणी होते. फार वाईट दुखणं आहे ते, आणि मला ते लहानपणापासून होतं. शाईचा पेन अंबाड्यात खोचायची. काळा गॉगल लावून, मान ताठ ठेवून सायकलीवर जायची, की लोकांनी बघावं, कचेरीतल्या बाई चालल्या. बघायला रस्त्यात दोन गाई आणि एक पंक्चरवाला. पण मान ताठ.

धरणाचं पाणी जिथवर चढणार, तिथवर नकाशावर एक रेष असायची. आम्ही तिला बुडीत रेषा म्हणायचो. कुही गावाच्या पुढची धानाची गावं त्या नकाशांत होती. ज्याचं घर रेषेच्या आत, त्याला नव्या वस्तीत जागा. ज्याचं बाहेर, त्यानं आहे तिथेच राहायचं. नकाशावर प्रत्येक घर म्हणजे एक ठिपका आणि एक नंबर. आम्ही यादी करायची, कोण आत, कोण बाहेर.

सोपं वाटतं ना? गावाच्या मधोमधचं घर कुणीही सांगेल. पण पाण्याला सरळ चालायची सवय नसते. ते नाल्यानाल्यातून शिरतं, बांधाला वळसा घालतं, उंचवट्याला सोडून देतं. रेष अशी होते, जशी मांजरानं खेळून टाकलेली लोकर. कडेच्या घराकडे बघून डोळ्याला काही कळत नाही. मग आमचे मुख्य नकाशेवाले धोटेबाबू, साठीला टेकलेले, तोंडात कायम लवंग, त्यांनी मला ती युक्ती शिकवली. ठिपक्याला लाकडी पट्टी लावायची, पट्टीची कड कागदाच्या टोकापर्यंत न्यायची. त्या कडेवर रेष जितक्यांदा येईल, तितके चिंचोके मांडायचे. मग जोड्या लावायच्या. एक चिंचोका उरला तर घर आत. काही उरलं नाही तर बाहेर. लहानपणी आपण मुठीत चिंचोके धरून एकी की बेकी खेळायचो, तेच. सरकारी पगारावर.

पण एक गोष्ट ते प्रत्येक वेळी बजावायचे. मोजून झालं की पट्टी उचलायची. लाकडी पट्टीच्या आरपार दिसत नाही. कडेपाशी आलेली रेष खालून पलीकडे गेली असेल, तर ती खरी ओलांडली. पण कधी कधी ती नुसती टोक टेकवते आणि आल्या बाजूलाच परत फिरते. "ती भेटायला आली होती बाई, राहायला नाही," ते म्हणायचे. "तिचा चिंचोका उचलून घ्या." एका चिंचोक्यानं एकीची बेकी होते. आतलं घर बाहेर जातं.

हे मला पाठ होतं. नुसतं पाठ नव्हतं, दुसऱ्यांना शिकवायची मी. आमच्यात वानखेडे म्हणून एक होते, साधे, अक्षर गोल गोल. त्यांनी एकदा हीच चूक केली. मी पकडली. हळूच जाऊन सांगता आलं असतं? आलं असतं की. मी भर खोलीत त्यांची पट्टी उचलली आणि म्हटलं, "वानखेडे, ही बघा तुमची पाहुणी, दारातून परत चालली." सगळे हसले. त्यांना दंड म्हणून सगळ्यांना समोसे आणायला लावले. त्यांनी आणले. दोन मी खाल्ले. त्या दिवसापासून कुठलंही अडचणीचं घर आलं की सगळे म्हणायचे, "बाईंकडे द्या." मी हवेत. पाय जमिनीला लागत असतील तर शपथ.

आणि मग त्या गावाची यादी माझ्याकडे आली.

चुकले कशी, तेही सांगते, जरी सांगण्यासारखं काही नाही. घाई नव्हती. तब्येत ठीक होती. घर नंबर एक्केचाळीस, नाल्यापलीकडे एकटंच. पट्टी लावली. एक, दोन, तीन, चार. चार म्हणजे बेकी, म्हणजे बाहेर. पट्टी सरकवून पुढच्या घरावर गेले. सरकवली, उचलली नाही. का? कारण मी मोजलं होतं ना. मी मोजलं म्हटल्यावर उचलून बघायचं काय?

यादी गेली. गावातल्या चावडीवर लागली. कुणाची तक्रार असेल तर महिनाभरात करायची होती.

त्यानंतर त्याच नकाशाची पक्की प्रत काढायला बसले. शाईनं रेष गिरवत नाल्यापाशी आले आणि हात थांबला. नाल्याच्या तोंडाशी रेष सुईसारखी खाली येत होती आणि टोकापासून तशीच वर जात होती. दोन्ही धारा इतक्या जवळ की पट्टीच्या कडेवर एकच जाड रेष वाटावी. मी एक्केचाळीसला पुन्हा पट्टी लावली. ते टोक नेमकं कडेवर. पट्टी उचलली. टोकाच्या खाली कोरा कागद.

चार नव्हते. तीन होते. घर आत होतं.

सुधारायला काय लागलं असतं? एक चिठ्ठी. "घर क्रमांक एक्केचाळीस, बाहेरऐवजी आत वाचावे." धोटेबाबूंची सही. मी ती चिठ्ठी मनात लिहिली, अक्षरही छान आलं होतं. मग समोर वानखेडे दिसले, गोल गोल अक्षरात काही लिहीत बसलेले. आणि मला ऐकू आलं, काय बाई, पाहुणी तुमच्याही दारातून परत गेली का? ते असं म्हणाले असते का? आज वाटतं, नसते म्हणाले. फार तर समोसे मागितले असते. माणूस कशाकशासाठी खोटं वागतो हो? कुणी घरासाठी, कुणी लेकरासाठी. मी समोशाला भ्याले. उद्या सांगू म्हटलं. उद्या आला, तेव्हा परवा म्हटलं.

आणि मग एक दिवस ती आली.

सरजाबाई तिचं नाव. एक्केचाळीस नंबर तिचा. पन्नाशीची असेल, काटक, कपाळावर ठसठशीत गोंदण. कुहीहून बस पकडून एकटी आली होती. नवरा नव्हता, मुलगी सासरी. साहेबांनी तिचा अर्ज वाचला आणि तिला माझ्याकडे धाडलं. यादी ज्यांनी केली त्याच समजावून सांगतील, म्हणाले.

ती माझ्या टेबलाशी उभी राहिली. मी खुर्ची दिली नाही. तिनंच जमिनीवर बैठक मारली आणि म्हणाली, "मले पैसा-बिसा नको, बाई. पन सारी वस्ती उठून चालली. सारे जातीन, आन मी एकटी काय करू तिथं? नाल्याचं पानी दरसाली माह्या अंगनात येते. मंग धरनाचं काहून नाई येनार?"

बघा. तिच्याकडे पट्टी नव्हती, चिंचोके नव्हते. तिला बरोबर ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो, ज्यांना खरं माहीत होतं.

आणि मी काय केलं?

मी तिला वर खुर्चीवर बोलावलं. नकाशा पसरला. "अंगणातल्या पाण्यावर नकाशा होत नाही, मावशी," म्हटलं. मावशी म्हटलं मी तिला. मग एक्केचाळीसच्या ठिपक्याला पट्टी लावली आणि चिंचोक्यांची डबी तिच्याच हातात दिली. म्हटलं, तुम्हीच मोजा, म्हणजे शंका नको. तिनं कडेवर बोट फिरवत फिरवत मोजलं. एक. दोन. त्या टोकापाशी तिचं बोट आलं, तसा माझा हात पट्टीवर घट्ट झाला. तीन. चार. चार चिंचोके तिनं टेबलावर मांडले, दोन जोड्या लावल्या. लहानपणी तीही खेळली असणारच.

"बेकी," ती म्हणाली. स्वतःच म्हणाली. "मंग मी बाहेरच हावो."

मला पट्टी उचलायची होती. खरंच होती का? की हे मी आता, इतक्या वर्षांनी, माझ्या बाजूनं लिहितेय? हात तिथेच होता एवढं नक्की. बोटांखाली लाकूड लागत होतं. ती उचलली असती तर त्या बाईला अक्षर न येताही दिसलं असतं, की खाली काही नाही. मी उचलली नाही. ती उठून टेबलापासून बाजूला होईपर्यंत मी पट्टी दाबून धरली होती.

अर्ज मागे घेतल्याच्या कागदावर तिनं अंगठा दिला. शाईची डबी मी पुढे केली. बोट पुसायला चिंधीही मीच दिली. जाताना म्हणाली, "शिकल्या पोरीचं असं असते. दुसरं कोनी असतं तर हाकलून देल्लं असतं. तू बसून मोजून दाखवलं, माय." एवढा वेळ ती मला अहो-जाहो करत होती. जाताना तू म्हणाली, लेकीला म्हणावं तसं.

धोटेबाबूंनी मान वर करून विचारलं, "समजलं का त्यांना?" मी म्हटलं, "समजलं."

गाव उठलं. छपरावरची कवेलू, दारं, खांब, लोक सगळं उपटून बैलगाड्यांत, ट्रॅक्टरांत भरून घेऊन गेले, असं तिकडे कामाला गेलेले वानखेडे सांगायचे. एकदा म्हणाले, "मॅडम, त्या उजाड गावात एक बाई एकटीच राहून राहिली. सांजेचा दिवा तेवढा दिसते." कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी पेनाची नीब धूत होते. ती आधीच स्वच्छ होती. तरी धुतली.

बरीच वर्षं गेली धरण पुरतं भरायला. भरलं, आणि एका पावसाळ्यात पाणी तिच्या अंगणात आलं, उंबऱ्यावर आलं, आणि दरसालासारखं परत गेलं नाही. भिंती मातीच्या होत्या. बसल्या. ती जीव घेऊन निघाली. नव्या वस्तीत तिच्या नावाची जागा कुठून असणार? तिच्याच अंगठ्यानं तिनं सोडली होती. हे मला कचेरीत आलेल्या एका कागदावरून कळलं. कागद वाचला आणि पुढच्या टेबलावर सरकवला.

नोकरीतून सुटल्यावर एकदा मी तिकडे गेले. घरी सांगितलं, देवाला जाते. नवी वस्ती, सरळ रस्ते, पत्र्याची छपरं. विचारत विचारत गेले. तिच्या दिराच्या घरामागे एक छपरी होती, तिच्यात सरजाबाई. पार वाकलेली. लाखोळीची डाळ निवडत होती. मी नाव सांगायच्या आत तिनं ओळखलं.

"हेच त्या बाई," तिनं दिराला हाक मारून सांगितलं. "मी नाई म्हनत होती? यायनंच मले मोजून दाखवलं होतं."

दीर दारातच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की हे भांडण जुनं आहे. तो म्हणाला, "वयनी, इतके सालं सांगून राहिलो तुले, कचेरीनं फसवलं म्हून. आतातरी खरं काय ते इचार यायले."

"काय इचारू गा? माह्या हातानं मोजलं मी. चार होते." मग माझ्याकडे वळून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, "रेघ बराबर होती, माय. पानीच चुकलं."

तो माझ्याकडे बघत होता. थांबला होता. मला वाटतं, मी एक शब्द बोलले असते तरी त्यानं राग धरला नसता. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्याच्या बाजूनं बोललं असतं, एवढंच. आणि तिला कळलं असतं की आपण वेडपट नव्हतो, अंगणातल्या पाण्याबद्दल आपलं बरोबर होतं. वहिनी-दिरात त्या गोष्टीवरून बोलणं बंद व्हायचं, महिने महिने, हे त्याच दिवशी नंतर तिनंच मला सांगितलं. माझी बाजू घेण्यापायी.

मी म्हटलं, "चहा छान झालाय."

खरं तर चहा अजून आलाही नव्हता. दिराची सून आत ठेवतच होती. मग आला, मी प्याले. कपबशी खाली ठेवली, सरजाबाईच्या पायाला हात लावला आणि शेवटच्या बसनं परत आले. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. दिरानं कळवलं नाही, का कळवावं? मला वानखेड्यांकडून कळलं.

तो दीर अजून आहे, असं ऐकते. कदाचित हे त्याच्या कानावर जाईल, कदाचित नाही. म्हणून साध्या शब्दांत लिहून ठेवते. एक्केचाळीस नंबरचं घर आत होतं. सरजाबाई माझ्या टेबलाशी बसून मोजत होती, त्याच्या अकरा दिवस आधीपासून मला ते माहीत होतं.